आधी पंखे, मग फ्रिज, शेवटी छतावर सोलर: सरकारी अनुदानाचा पुरेपूर उपयोग करायचा तर

जुना फ्रिज किंवा एसी देऊन नवा घेताना सरकार काही पैसे देतं का, हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास येतो. महाराष्ट्रापुरतं खरं उत्तर असं की, फ्रिज किंवा पंख्याच्या बिलावर थेट खात्यात जमा होणारं अनुदान नाही. सवलत आहे, पण ती तीन ठिकाणी विखुरली आहे: जीएसटीत, वीज कंपन्यांच्या अदलाबदल योजनांत (जुनं यंत्र द्या, नवं सुटीत घ्या) आणि छतावरच्या सोलरसाठी असलेल्या पीएम सूर्यघर योजनेत. पहिल्या दोन छोट्या, तिसरी मोठी. आणि तिसरीचं गणित असं आहे की घरातली जुनी उपकरणं आधी बदलली तर तिचा फायदा वाढतो. बहुतेक घरांत नेमका उलटा क्रम होतो. आधी सोलर बसतं, तेही जुन्या वापरावर मापून, आणि उपकरणं 'पुढं बघू'वर राहतात.

जीएसटीचं लवकर उरकू. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांपेक्षा मोठा टीव्ही आणि डिशवॉशर यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधी ४०,००० ला पडणाऱ्या एसीची करापूर्वीची किंमत ३१,२५०. तोच आता ३६,८७५ ला यायला हवा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहेत, त्यामुळे 'जीएसटी कमी झाल्यामुळे फ्रिजवर खास सूट' अशी पाटी दिसली तर ती दुकानदाराची सूट समजावी, सरकारची नव्हे. सोलर पॅनल आणि सोलर वॉटर हीटर मात्र १२ वरून ५ टक्क्यांवर आले.

आता बिल हातात घ्या. महावितरणचे घरगुती टप्पे ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, आणि दर पायरीपायरीने चढतो. तुमचा वापर महिन्याला ३८० युनिट असेल आणि तुम्ही ६० वाचवले, तर ते ६० युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यातून सुटतात. म्हणून एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढून बचत मोजू नका, ती कमी दिसेल. ज्या टप्प्यात तुमचं शेवटचं युनिट पडतं त्या टप्प्याचा वीज आकार, अधिक वहन आकार, अधिक इंधन समायोजन आकार, आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. हा तुमचा खरा दर. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो काहीही केलं तरी द्यावाच लागतो.

मग मोजमाप. ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा छोटा वीजमापक मिळतो. १६ अँपिअरचा घ्या, ६ अँपिअरचा एसी-गिझरला चालत नाही. फ्रिज त्यावर सलग ४८ तास ठेवा. दोनच तासांचं रीडिंग निरर्थक, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो आणि फ्रॉस्ट-फ्रीमध्ये मधूनच डीफ्रॉस्टचा हीटर लागतो. पंख्यासारख्या तारेत जोडलेल्या वस्तूंसाठी घरचा मीटरच वापरता येतो. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'एका युनिटला ३२०० पल्स' असा काही आकडा छापलेला असतो. बाकी सगळे एमसीबी (मेन बोर्डातले खटके) पाडून फक्त एक पंखा फुल स्पीडला लावा आणि पाच मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ३२०० च्या मीटरवर पाच मिनिटांत २० वेळा लुकलुकला, तर पंखा ७५ वॅट घेतोय. आपल्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर लुकलुकणं गुणिले १२ गुणिले १०००, भागिले तो आकडा.

सुरुवात पंख्यांपासून करायची, आणि कारण सरळ आहे. साधा जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो. वाइंडिंग जळल्यावर दोनदा भरून आणलेला पंखा बऱ्याचदा त्याहून जास्त, कारण भरताना तार आणि वेढे मूळ मापाचे राहतातच असं नाही. बीएलडीसी पंखा, म्हणजे चुंबकाच्या मोटरचा, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा नवा पंखा, तेवढीच हवा ३० वॅटच्या आसपास देतो. छताच्या पंख्यांवर स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. लेबलवर 'सर्व्हिस व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो, म्हणजे एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा. १२०० मिलिमीटरच्या म्हणजे ४८ इंची पंख्याला पाच स्टारसाठी तो ६ किंवा अधिक लागतो. फक्त वॅट बघून फसू नका. हवा कमी करून वॅट कमी दाखवणं कुणालाही जमतं. ४८ इंची पंख्याला मिनिटाला २१० घनमीटरच्या खाली हवा असेल तर तो घेऊ नका.

बसवताना एक चूक इतकी सर्रास होते की नव्या पंख्याचं सर्किट वर्षाच्या आत जाण्यामागचं कारण विचारलं तर आधी तिकडेच बघावं: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लाइनमध्येच राहतो. बीएलडीसीचा वेग त्याच्या आतल्या सर्किटने ठरतो, त्याला पूर्ण २३० व्होल्ट पुरवठा हवा असतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाट कापून देतो, तो कधी चुकून अर्ध्यावर फिरवला की ड्रायव्हर बोर्ड तापतं आणि जातं. फुल स्पीडला ठेवलाय म्हणून चालेल असं नाही, रेग्युलेटर काढून तिथे सरळ जोड द्यायला सांगा. घरात स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर पंखा गुणगुणेल, बोर्डाचं आयुष्यही घटेल. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास नाही. रिमोट हरवणारच, तेव्हा भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल घरात आजी-आजोबा असतील तर बरं.

सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो १५–१६ तास फिरतो, म्हणजे हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा, तो आधी. ७५ चे ३० झाले की १६ तासांत रोजचे ७०० वॅट-तास वाचतात, महिन्याला २१–२२ युनिट. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा त्याच्या मरणाने मरू द्यावा.

फ्रिजचं थोडं वेगळं. बारा-पंधरा वर्षांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसाला दोन-अडीच युनिट खात असेल तर बदलणं फायद्याचं, पण त्याआधी दाराचं रबर तपासा. कागदाची नोट दारात अर्धी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय. चारही बाजूंनी तपासा, बिजागरीकडची बाजू आधी सैल होते. नवं रबर बसवून, मागची जाळी साफ करून, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून पुन्हा ४८ तास मोजा. आकडा एक-सव्वा युनिटवर आला तर फ्रिज राहू द्या. नाहीच आला तर थर्मोस्टॅट, कमी झालेला गॅस किंवा थकलेला कॉम्प्रेसर. आणि पंधरा वर्षांच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर बदलायला पैसे घालणं मला पटत नाही.

नवा घेताना स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचे वर्षाचे युनिट वाचा. तीन स्टारचा मोठा फ्रिज पाच स्टारच्या छोट्यापेक्षा जास्त खातो हे उघड आहे, पण दुकानात उभं राहिलं की विसरायला होतं. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे. घरात दार उघडबंद, गरम भांडी, अकोला-चंद्रपूरचा मे महिना, यामुळे प्रत्यक्षात जास्त लागणार हे धरून चाला. आणि जुना फ्रिज 'पाण्याच्या बाटल्यांसाठी' बाल्कनीत लावायचा असेल तर नवा घेऊच नका. सगळी बचत त्या बाटल्या पिऊन टाकतात.

एसीबद्दल माझं मत थोडं लोकप्रिय मताविरुद्ध आहे: वर्षातले चारच महिने, रात्री पाच-सहा तास एसी लावणाऱ्या घरात चालू एसी केवळ बिलासाठी बदलू नये. दीड टनाचा जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी आणि नवा पाच स्टार यांत रोज साधारण तीन युनिटांचा फरक धरला तर १२० दिवसांत ३६० युनिट होतात. त्यासाठी ३५–४० हजार घालणं महाग. तोच एसी वर्षभर दुकानात किंवा मुंबईत दहा महिने चालत असेल तर उत्तर बदलतं. किंवा त्यात आर-२२ गॅस असेल आणि तो दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर बदलाच. भारतात नवी यंत्रं बनवताना या जातीचा गॅस वापरणं २०२४ अखेरीस थांबलं आहे, आणि दरवर्षी गॅस कमी होतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

एसी घेताना लेबलचं वर्ष बघणं आता फार महत्त्वाचं. जानेवारी २०२६ पासून निकष कडक झाले. आधीचा पाच स्टार नव्या मोजपट्टीवर साधारण चार स्टार ठरतो. त्यामुळे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले जुन्या लेबलचे पाच आणि नव्या लेबलचे चार स्टार एकसारखेच असू शकतात, किमतीत मात्र फरक. आयसीर (ISEER, म्हणजे एसी विजेच्या मानाने किती थंडावा देतो त्याचा लेबलवरचा आकडा) आणि १६०० तासांचे वार्षिक युनिट या दोन ओळींवर तुलना करा. दीड टनाला ७५० ते ८५० युनिट चांगले.

एसी बसवताना लक्ष ठेवण्याची जागा एकच: व्हॅक्यूम. नव्या आर-३२ एसीची तांब्याची पाइप जोडल्यावर आतली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंपाने खेचून काढायचा असतो, १५–२० मिनिटं. घाईतला माणूस पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा 'हाकलून' देतो. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळतो, आणि दोन-तीन वर्षांनी थंडावा कमी पडायला लागतो तेव्हा कुणालाच कारण सापडत नाही. आर-३२ किंचित ज्वलनशील आहे हाही एक मुद्दा. पंप आणलाय का हे फोनवरच विचारा, आल्यावर नव्हे. भिंतीतली जुनी आर-२२ ची पाइप वापरायचा आग्रह धरू नका. तिच्यात जुन्या जातीचं तेल चिकटलेलं असतं, ते नव्या तेलाशी जमत नाही. दीड टनाला पाव इंच आणि अर्धा इंच अशा दोन नळ्या बहुतेक मॉडेलना लागतात. सोबत साधारण तीन मीटर येतात, वरच्या मीटरचा दर आधी ठरवून घ्या.

गिझर बदलून मात्र हाती काही लागत नाही. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला ०.८७ युनिट लागतात, गिझर दोन स्टारचा असो की पाच. स्टारचा फरक आहे तो फक्त गरम पाणी टाकीत पडून थंड होण्यात. आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटं लावून नंतर बंद करणाऱ्या घरात तो फरकच उरत नाही. सेट-टॉप बॉक्सकडे मात्र कुणी बघत नाही. टीव्ही बंद करूनही १२ वॅट घेत राहिला तर महिन्याला साडेआठ युनिट. मागचं बटण बंद करा, फुकट आहे.

अदलाबदल योजनांची गोष्ट. मुंबईत टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी अशा योजना आणत आल्या आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे मागणी व्यवस्थापनाचे नियम २०१० पासून आहेत, त्यांच्या चौकटीत हे चालतं. दिल्लीत बीएसईएस या वीज कंपनीची जुना एसी द्या, नवा घ्या ही योजना यातली सर्वात गाजलेली. तिथे छापील किमतीवर साठ टक्क्यांपर्यंत सूट जाहीर होते. वीज कंपनी हे दानधर्म म्हणून करत नाही. मे महिन्यातल्या दुपारी आणि रात्री मागणी शिगेला पोचते तेव्हा तिला बाहेरून महाग वीज घ्यावी लागते. ती घ्यावीच लागू नये म्हणून ग्राहकाला सूट देणं स्वस्त पडतं. म्हणूनच जुनं यंत्र परत देण्याची अट असते. ते ओएलएक्सवर विकलं गेलं तर ते दुसऱ्या घरात चालूच राहणार.

या योजनेत अर्ज करण्यापूर्वी ग्राहक क्रमांकावर थकबाकी नाही ना, जुनं यंत्र चालू स्थितीत लागतं का (बहुधा लागतं), एका जोडणीवर किती नग मिळतात आणि यादीत कोणती मॉडेल आहेत हे बघा. आणि सूट छापील किमतीवर आहे की बाजारभावावर हे तर बघाच. छापील ६५,००० चा एसी बाजारात ४२,००० ला मिळत असेल, तर योजनेत तो ३५ टक्के सुटीने घेण्यात २५० रुपये तोटाच आहे.

योजना नसेल तर जुनं यंत्र कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे जातं, तो तिथल्या तिथे नळी कापतो आणि सगळा गॅस हवेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात उत्पादकावर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून परत नेण्याबद्दल विचारा; भंगारवाल्यापेक्षा शे-दोनशे कमी मिळतील.

आता मोठी सवलत. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. छतावरच्या सोलर संचाच्या पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे ३ किलोवॅट असो की ८, अनुदान ७८,०००. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या, तसंच दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एक किलोवॅटसाठी राज्याच्या 'स्मार्ट' योजनेतून यावर जादा रक्कम मिळते: दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,०००, इतरांना १०,०००.

उदाहरण घेऊ. वर्षाला ४,६०० युनिट वापरणारं घर. महाराष्ट्रात एक किलोवॅट वर्षाला १,३०० ते १,५०० युनिट देतो, १,४०० धरू. विक्रेता बिल बघून साडेतीन किलोवॅट सांगणार. किलोवॅटला ५५,००० धरले तर १,९२,५००, वजा ७८,०००, खिशातून १,१४,५००. आता हेच घर आधी पाच पंखे (१५,०००) आणि फ्रिज (२५,०००) बदलतं. पंख्यांचे वर्षाला ६७५ आणि फ्रिजचे ५५० युनिट वाचले, तर वापर ३,३७५ वर येतो. त्यावर फक्त दोन किलोवॅट बसवा. छोट्या संचाला दर जरा जास्त, ६०,००० धरा: १,२०,००० वजा ६०,०००. उपकरणांसकट एक लाख. वर्षाला ५७५ युनिट बाकी राहतात, म्हणजे महिन्याला ४८ च्या आसपास, तीही सर्वात स्वस्त टप्प्यातली. बिल शून्य करायचा हट्ट नको म्हणतो तो याचसाठी: शेवटचे ५० युनिट सोलरने भागवणं हे सर्वात महाग काम आहे. पुढे घरात इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर मात्र तीन किलोवॅट घ्या.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने होतो. अडतं ते बहुधा नावावर. बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर, आधार आणि बँक खातं मुलाच्या. आधी महावितरणकडे नावात बदल करून घ्या, त्याशिवाय पोर्टल उघडूच नका. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा अभ्यास आता लागत नाही. विक्रेता यादीतलाच हवा आणि पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. बाजारात बिनडीसीआर पॅनल स्वस्त मिळतात, त्यांवर अनुदान नाही. कोटेशनमध्ये पॅनलची आणि सोलर इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) क्षमता वेगवेगळी लिहून घ्या. दोन्हींत जी कमी तिच्यावर अनुदान ठरतं. ५४० वॅटची सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॅट झाली, पण इन्व्हर्टर अडीचचा असेल तर अनुदान अडीचचं.

छतावर किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर मोकळी जागा, आणि सकाळी नऊ ते चार सावली नको. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या पूर्ण ओळीचं उत्पादन घसरू शकतं. टाकीच्या दक्षिणेला पॅनल लावा. अर्थिंग तीन वेगळी: पॅनलच्या डीसी बाजूची, घरच्या एसी विजेच्या बाजूची आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या दांड्याची. दोनच खड्डे दिसले तर काम थांबवा. लोखंडी सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवा, जागेवर वेल्डिंग करून वर चांदीचा रंग मारलेला कोकणात दोन पावसाळ्यांत गंजतो. आणि दिवे गेले की हा संचही बंद पडतो. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तसा नियमच आहे. भारनियमनात पंखे चालतील असं कुणी सांगितलं तर त्या विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्या.

अनुदान विक्रेत्याला नाही, तुमच्या खात्यात येतं, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसून तपासणी पूर्ण झाल्यावर. त्यामुळे 'अनुदान वजा करून बाकीचे द्या' म्हणणाऱ्याचं गणित लेखी मागा. शेवटचे २० टक्के नेट मीटर चालू होईपर्यंत हातात ठेवा. मीटर बसला त्या दिवशी भर दुपारी बारा वाजता घरातलं सगळं बंद करून त्यावर निर्यातीचा आकडा पुढे सरकतोय का ते बघा. तो आयातीच्या रकान्यात सरकत असेल तर जोडणी उलटी झाली आहे, आणि ती विक्रेत्याचा माणूस छतावर असतानाच दुरुस्त करून घ्यायची.